जत ते वडूज, स्वतःच्या चाकांवर

वडूजहून जतला कुणी हौसेनं जात नाही. आमच्याकडे पाऊस कमी, त्यांच्याकडे त्याहून कमी. फिरायचंच असेल तर माणसानं पाचगणीला जावं, स्ट्रॉबेरी खावी, फोटो काढावेत, असं आमच्या गल्लीचं एकमुखी मत आहे. मी मात्र फेब्रुवारीच्या उन्हात दुकान पोरीच्या ताब्यात दिलं, नवऱ्याला बरोबर घेतलं आणि एसटीनं जतला गेले. परत येताना एसटीत बसायचं नाही, हे निघतानाच ठरवलं होतं.

आमचं तेलाचं दुकान आहे. शेंगतेल, करडईतेल, डबे आणि कॅन. मी गल्ल्यावर बसते आणि उधारी मागायला कधीच लाजत नाही, त्यामुळे माझ्या तोंडाला गावात सगळे वचकून असतात. माझे मालक प्राथमिक शाळेत शिक्षक. अख्खं वडूज त्यांना 'सर' म्हणतं, म्हणून मीही म्हणते. स्वभावानं अगदी गरीब गाय. त्यांना सायकलसुद्धा धड येत नाही. मी माहेरी भावाची मोटारसायकल चोरून शिकले आणि सासरी दुकानाचा टेम्पो चालवला. पण स्वतःच्या नावाची गाडी कधी नव्हती. आधी भावाची, मग सासऱ्यांची, मग दुकानाची. आपली म्हणून एक मोठी, लांब पल्ल्याची, डुगडुगणारी गाडी असावी आणि तिच्यावर बसून कुठंही जावं, ही हौस मला चाळिशीपासून छळत होती. पन्नाशी आली तेव्हा म्हटलं, आता नाही तर मग थेट खांद्यावरूनच जायचं.

जत

गाडी एका निवृत्त सुभेदारांची होती. फोनवर सगळा व्यवहार ठरला होता, पण त्यांची समजूत अशी की बाई नवऱ्यासाठी चौकशी करतेय. आम्ही दारात पोचलो तर त्यांनी सरांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला आणि विचारलं, "मग सर, चालवून कोन बघनार? तुमीच न्हवं?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं.

सुभेदारांनी मला पायाच्या नखापासून अंबाड्यापर्यंत पाहिलं. सहा फूट उंच माणूस, मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या. फक्त डावा गुडघा ऑपरेशनपासून ताठ झालेला, म्हणून गाडी विकायची. "ताई," ते म्हणाले, "ही म्हंजे शिलाई मशीन न्हाई."

"शिलाई मशीन मला येतच न्हाई," मी म्हटलं. "दावा की गाडी."

मागं त्यांची बायको उभी होती. तिला सगळे आक्का म्हणतात. साठीची, बुटकी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती पदर तोंडाला लावून खुदकन हसली. आम्ही निघेपर्यंत तिनं माझ्यावरची नजर काढली नाही. मला वाटलं, माझ्या सलवार-कमीजाकडं बघतेय.

गाडी परड्यातल्या छपरात ताडपत्रीखाली होती. गुडघ्याचं झाल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. ताडपत्री काढली आणि माझा जीव भांड्यात पडला की खड्ड्यात, ते कळेना. हिरवी, भलीमोठी, पुढं वारा अडवायला काच, दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या. ह्या गाडीवर दोघं नवराबायको सुट्टी मिळेल तेव्हा निघायचे, अगदी अमृतसरपासून कन्याकुमारीपर्यंत. आता डाव्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला उठवायला गेले तर तिनं माझ्या बोटाला टोचलं. आक्कानं तिला बुट्टीत घालून मानानं दुसरीकडं हलवलं, तेव्हा कुठं कामाला सुरुवात झाली.

आधी जुनं पेट्रोल काढलं. त्याला रंगाच्या दुकानासारखा वास सुटला होता. टाकी खळखळून धुतली. टाकीचं झाकण आक्कानं मागून घेतलं. "लय गंजलंय. आना हिकडं, चिंचंनं घासते," म्हणाली आणि पदराखाली धरून आत गेली. सुभेदारांनी कार्बोरेटर खोलला तो जेवणाच्या ताटात. एकेक पितळी तुकडा ताटात मांडून मला नाव विचारायचे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मी प्लग पॉलिश पेपरनं घासला, तारांची टोकं खरवडली, नवी बॅटरी बसवली. सर एका बाजूला उंबऱ्यावर बसून फडकी पिळून देत होते आणि मधूनच "छान चाललंय" म्हणत होते. शाळेत ते ढ पोरांनाही असंच म्हणतात.

मग किक. ह्या जुन्या गाड्यांना नुसती लाथ मारून भागत नाही. हँडलच्या खालचा छोटा खटका दाबायचा, किक हळूच खाली न्यायची, टाकीपुढच्या घड्याळातला काटा मधोमध आला की खटका सोडायचा, किक वर घ्यायची आणि मग सगळं अंग घालून मारायची. मी घाई केली. गाडीनं किक उलटी फेकली. मी मागं, चप्पल वर, आणि चप्पल पडली ती नेमकी कोंबडीच्या बुट्टीत. कोंबडीनं असा काही गलका केला की शेजारची दोन घरं परड्यात गोळा झाली.

"तिला घाई चालत न्हाई," सुभेदार म्हणाले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

दुपारभर मारत होते. घोटा सुजला, तोंडाला फेस आला. शेजारणी चहा पिऊन, कपबशा धुऊनसुद्धा हलल्या नाहीत. शेवटी उन्हं कलली तेव्हा काटा मधोमध आला, मी दम धरला आणि घातली लाथ. डुग. मग काहीच नाही. मग डुग, डुग, आणि मग एकदम सगळं छप्पर थरथरायला लागलं. निळा धूर, कोंबड्या सैरावैरा, मी "अगं बाई, झाली की चालू!" असं गावभर ओरडले आणि सरांना सगळ्यांसमोर मिठी मारली. सर लाजून भिंतीला चिकटले. आक्कानं पदरानं डोळे टिपले आणि धूर गेला म्हणाली. धूर तर उलट्या बाजूला चालला होता.

जेवायला ज्वारीच्या कडक भाकऱ्या होत्या. आमच्याकडं भाकरी जाड आणि मऊ, दुधात कुस्करायची. इथं कानडी मुलूख जवळ, भाकरी पापडासारखी पातळ, मोडली की कटकन आवाज. वर शेंगाचटणी, दही आणि कच्चा कांदा. गावाला पाणी टँकरचं, तरी पाहुण्यापुढं तांब्या काठोकाठ भरलेला. मला तो निम्मा सोडायचा धीर झाला नाही, सगळा प्यायले.

हात धुतल्यावर सुभेदार म्हणाले, "ताई, एक आट हाय. आमच्यात बैल इकला तर टेम्पोत घालून नेत न्हाईत. तो आपल्या पायानं नव्या दारात जातो, तरच तो त्या घरचा. ही पन तशीच. वडूजला तुमच्या दारात सोताच्या चाकावर गेली तर तुमची. वाटंत कुटंबी टेम्पोत घातली तर मला फोन करायचा आन् माघारी द्यायची. मी न्यायला मानूस धाडीन. इसार परत."

"आन् मी फोन न्हाई केला तर?" मी विचारलं.

"कराल," ते म्हणाले. "उलट्या किकनं पडून तुमी परत उटलासा, ते बघितलंय मी."

ती स्तुती होती का सापळा, ते कळेना. पण एवढं कळलं की गाडी अजून माझी नाही.

कवठेमहांकाळच्या अलीकडं

सकाळी आक्कानं गाडीच्या दिव्याला हळदकुंकू लावलं, चाकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. टाकीवर कोरं करकरीत झाकण चमकत होतं. "जुनं लयच गंजलं हुतं, बाजारातनं नवं आनलं," आक्का म्हणाली. किती जीव लावावा माणसानं, असं वाटून मी तिच्या पाया पडले. सुभेदार बाहेर आलेच नाहीत. खिडकीतून पाहिलं तर पेपर वाचत बसले होते. पेपर उलटा होता.

सर मागं बसले. आणि इथं एक अडचण निर्माण झाली. हात कुठं धरायचा? भर गावातून बायकोच्या कमरेला हात घालून जायचं म्हणजे शिक्षकाची इभ्रत गेली. मागचं कॅरिअर धरावं तर ते सामानानं भरलेलं. शेवटी त्यांनी आक्कानं दिलेली दशम्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि तिला दोन्ही हातांनी घट्ट आवळली.

काय सांगू, त्या पहिल्या पट्ट्याचं सुख! दोन्ही बाजूंनी शाळवाची कणसं, काढणीला आलेली, मधूनच हुरड्याचा धूर. गाडी आपल्या लयीत, ना घाई ना दमणूक. मी मोठ्यानं गात होते. सर मागून म्हणाले, "ताल चुकतोय." मी म्हटलं, "उतरा मग."

तेवढ्यात गाडीनं दम टाकला. आधी एक आचका, मग दुसरा, मग गुडुप-गुडुप करत मेली. बाभळीखाली उभी केली. किक मारली, मारली, आणखी मारली. छे! सर म्हणाले, "पेट्रोल बघ." झाकण काढलं. आत पेट्रोल डचमळत होतं, निम्म्याहून वर. झाकण लावलं, चरफडत परत किक मारली आणि पहिल्या झटक्यात चालू!

"मी मनातल्या मनात तिची माफी मागितली," सर म्हणाले. "तू तिला शिव्या दिल्यास ना, म्हणून."

मला ते पटलं नाही, पण दुसरं कारणही सापडेना.

पुढं कवठेमहांकाळ ओलांडलं आणि परत तेच. आचका, गुडुप, गप्प. ह्या वेळी मेंढरांचा एक कळप रस्ता ओलांडत होता, त्याच्या मधोमध. लाल पटक्याचा धनगर काठी टेकत आला. "येन आत्री?" त्यानं विचारलं. आमची तोंडं बघून मग मराठीत आला, "काय झालं, बाई?"

त्यानं गाडीला फेरी मारली, टाकीवर थाप मारली, झाकण काढून हुंगलं, लावलं आणि निकाल दिला, "तोंड उगवतीला करा. माज्या म्हाताऱ्या बकऱ्याचं बी आसंच हाय. मावळतीला चालायचं म्हटलं की बसतो."

मेंढरांतून ती धूड गाडी वळवली. दोन कोकरं पायात, सर पिशवी डोक्यावर धरून उभे. तोंड उगवतीला केलं, किक मारली. चालू! धनगर एवढा फुशारला की त्यानं आम्हाला थांबवून मेंढीचं दूध घातलेला चहा पाजला. चहा घट्ट आणि जरासा खारट. मला आवडला, सरांनी डोळे मिटून संपवला.

सुभेदारांना फोन करू या, असं सर दोनदा म्हणाले. मी म्हटलं, "फोन केला की ते म्हणनार, बघा, बाईला जमलं न्हाई. मेले तरी करनार न्हाई." माझा हा हट्ट मला पुढं भलताच महाग पडला.

तासगाव

तासगावात शिरताना दोन्हीकडं द्राक्षांचे मांडव आणि बेदाणा वाळवायची जाळीची शेडं. दुष्काळातून आलेल्या डोळ्यांना एवढा हिरवा रंग झेपेना. आणि पेठेत गाडी तिसऱ्यांदा मेली. ढकलत गॅरेजपर्यंत नेली. गॅरेज रफीकभाईंचं. मोठा बोलघेवडा माणूस. गाडी बघताच म्हणाला, "आवं, अशा गाड्या म्या लहानपणापास्नं खोलतोय. डोळं झाकून सांगतो, कार्बोरेटर!"

डोळे झाकूनच खोलला असावा, कारण एक नट गटारात गेला. तो काढायला तारेला चुंबक बांधून अर्धी पेठ वाकली. मग सगळं धुतलं, टाकीचं झाकण काढून पेट्रोलचा रंग बघितला, नळी फुंकली, परत जोडलं. पहिल्या किकेला चालू. "बघा!" रफीकभाई म्हणाला. "आता वडूजच काय, दिल्लीला जावा." बायकोकडून त्यानं सरांसाठी मूठभर बेदाणे मागवले, आणि ते खात आम्ही देवळाजवळच्या लॉजवर मुक्काम केला. मी निवांत झोपले. रोग सापडला होता ना.

विट्याच्या पुढं

रोग कसला सापडतोय! दुसऱ्या दिवशी विट्यात मिसळ खाल्ली, गाडीत पेट्रोल भरलं, तोवर गाडी शहाण्यासारखी वागली. पुढं मायणीच्या रस्त्याला लागलो, आमचा माणदेशी माळ दिसायला लागला आणि आचका. दुसरा आचका. गुडुप-गुडुप. गप्प.

ह्या वेळी मी बसलेच, मैलाच्या दगडावर. सरांना म्हटलं माफी मागा, त्यांनी मागितली. तोंड उगवतीला केलं. प्लग पुसला. काही नाही. घोटा असा ठणकत होता की पाय टेकवेना. रडायलाच आलं मला, खोटं कशाला सांगू. घर तासाभरावर आणि गाडी हातची जाते की काय!

तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला. आमच्याच दुकानाला तेलाचे डबे पोचवणारा बाळू. तोही वडूजलाच चालला होता.

"वैनी! ही गाडी कुनाची?" तो खाली उडी मारत म्हणाला. "थांबा, डबे सरकवतो, फळी लावतो, चढवू वर. चहाच्या टायमाला घरात!"

सरांनी माझ्याकडं बघितलं. "सुभेदारांना कसं कळणार?" ते हळूच म्हणाले. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस! माझ्या सुजलेल्या पायासाठी त्यानं स्वतःची तत्त्वं टेम्पोत घालायला काढली होती. मला त्यांची फार माया आली त्या घटकेला.

"त्यास्नी न्हाई कळनार," मी म्हटलं. "मला कळंल की. मग हिच्यावर बसताना रोज वाटंल, परक्याची गाडी हाय."

बाळूला ह्यातलं काही कळलं नाही. फळी काढताना तो ओरडला, "वैनी, एक डबा चेपलाय बगा. तुमचाच हाय. शिवनीतनं गळतोय!"

तेल वाया जाताना मी बघू शकत नाही. हे माझ्या हाडात आहे. दुसऱ्याचं मयत असलं तरी गळका डबा दिसला की मी आधी डबा बघीन. रडणं बाजूला ठेवलं, बाळूचा रिकामा कॅन घेतला, गाडीच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर आणि एक दगड. डब्याच्या कोपऱ्यात भोक पाडलं आणि डबा कॅनवर कलता धरला. तेल आलं, अडलं. गुडुप. आलं, अडलं. गुडुप-गुडुप.

"असं काय करतीया," मी स्वतःशीच म्हटलं, "दुसरं भोक कोन पाडनार?" आणि सवयीनं समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं. वारा आत शिरला, तेलाची धार सरळ लागली.

आणि मी तशीच राहिले. डबा हातात, कॅन भरून तेल वाहायला लागलं तरी. बाळू "वैनी, वैनी!" करत होता.

गुडुप-गुडुप! हाच आवाज! वारा आत जायला वाट नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण काढलं की वारा जातो, गाडी चालते, वारा संपला की मरते. माफीनं नाही, उगवतीनं नाही, कार्बोरेटरनं तर मुळीच नाही. प्रत्येकानं झाकण तेवढं काढलं होतं, आणि ह्या वेळी कुणी काढलं नव्हतं. मी लंगडत धावले, झाकण फिरवलं. सुस्स! टाकीनं अस्सा श्वास घेतला की सर दोन पावलं मागं सरले. झाकण उलटं करून पाहिलं. बंद. कुठंही भोक नाही. भलत्याच कुठल्या गाडीचं असणार. आणि मी, जन्म गेला डब्यांना दोन भोकं पाडण्यात, मेंढरात गाडी वळवत बसले होते! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

झाकण दूर दगडावर नेऊन टेम्पोतल्या खिळ्यानं त्याला भोक पाडलं. परत लावलं. काटा मधोमध. लाथ. डुगडुगडुग!

"फळी काढ रं बाळू," मी म्हटलं. "आन् मागनं ये. दारात पोचल्याचा साक्षीदार पायजे."

वडूज

मायणीच्या तळ्यावरून, कातरखटावातून, एकदाही न थांबता आलो. गल्लीत शिरले तेव्हा पोरगी दुकानाच्या पायरीवर उभी राहून शिट्ट्या मारत होती. गाडी उंबऱ्याला लावली, बंद केली आणि तशीच तिच्यावर बसून सुभेदारांना फोन लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"पोचली," मी म्हटलं. "सोताच्या चाकावर."

सुभेदार खाकरून म्हणाले, "मग तुमची झाली, ताई. तरास दिला का?"

"तरास तुमच्या नव्या झाकनानं दिला. भोकच न्हाई त्याला."

"नवं झाकन? कसलं नवं झाकन?" आणि फोन न बाजूला करताच गर्जना, "आगं ए! गाडीचं झाकन कुटाय?"

लांबून आक्काचा आवाज आला, शांत. "देव्हाऱ्यात. दावं म्हनून ठिवलंय."

आमच्या गल्लीत पिकल्या केसाच्या सगळ्या बायकांनी माना हलवल्या. जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं नवं आणायचं. दावं घरात राहिलं की त्याच्या ओढीनं गोठ्यात दुसरं जनावर येतं. हे आमच्याकडंही आहे, तिकडंही आहे.

"आगं, ते दावं न्हवं, तिचं नाक हाय ते!" सुभेदार ओरडले. "इकलेल्या जनावराचं नाक कापून देव्हाऱ्यात ठिवलंस व्हय गं! साखळी ठिवायची, कुलूप ठिवायचं!"

"साखळीला कोन हात लावत हुतं? झाकन रोज मी उघडून देत हुते पेट्रोल भरताना."

सुभेदारांचा आवाज उतरला. "बरं, ऱ्हाऊ दे. पन दुसरं जनावर आनून करायचं काय? माजा गुडघा वाकत न्हाई. चालवनार कोन?"

"मी," आक्का म्हणाली. "बिनगेरची घ्यायची. परवा ताई आल्या, त्यांनी चालवली, आन् त्यांचं मालक मागं पिशवी घिऊन किती गुनानं बसलं हुतं. तवाच मी ठरवलं."

म्हणजे ती माझ्या सलवार-कमीजाकडं बघत नव्हती तर. मला हसू आवरेना.

मग सुभेदार अगदी खालच्या सुरात म्हणाले, "ताई, सर हायेत का जवळ? जरा द्या त्यास्नी."

सर अजून मागंच बसले होते. मी फोन त्यांच्या कानाला लावला, तरी सगळ्यांना ऐकू आलंच.

"सर, एक इच्यारायचं हुतं. मागं बसल्यावर हात कुटं धरायचा असतोय?"

सरांनी मांडीवरच्या पिशवीकडं पाहिलं. मग ती बाळूच्या हातात दिली, भर गल्लीत माझ्या कमरेला दोन्ही हात घातले आणि वर्गात सांगावं तसं शांतपणे सांगितलं, "सुरुवातीला पिशवी धरा. पुढचं जमतं हळूहळू."